उंबऱ्याच्या आतले शिक्षण

महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. त्यांतल्या कोणत्याही अंगणवाडीत सकाळी डोकावलात, तर तीन ते सहा वर्षांची मुले दिसतील. कुणी गाण्यावर हात हलवते आहे, कुणी ताटलीची वाट बघते आहे, कुणी मदतनीस ताईच्या पदराला धरून उभे आहे. जे मूल तिथे दिसत नाही, ते या पुस्तकाचा विषय आहे. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचे मूल घरी असते. रजिस्टरमध्ये त्याचे नाव असते, वजन असते, लसींच्या तारखा असतात. त्याच्या नावाने टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटेही घरी जातात. पण ते दिवसभर काय करते, त्याच्याशी कोण बोलते, खेळायला त्याच्या हाताला काय लागते, आई कामावर गेली की ते कुणाच्या कडेवर असते, याला कुठल्याच रजिस्टरमध्ये रकाना नाही. ते समजून घ्यायचे तर कुणाला तरी त्या घरी जाऊन, खाली बसून, थोडा वेळ काढावा लागतो. खात्याच्या भाषेत याला गृहभेट म्हणतात.

या प्रस्तावनेत मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. गरीब घरातल्या लहान मुलाच्या शिक्षणातले सर्वांत अवघड काम म्हणजे ही गृहभेट. आणि आपण ते सर्वांत सोपे समजून, आधीच थकलेल्या बाईच्या दिवसाच्या शेवटी टाकून दिले आहे. सकाळी बालवाडी, दुपारी आहार आणि नोंदी, मग 'जाता जाता चार घरे करून या'. जाता जाता चार घरे होतात, यात शंका नाही. चार सह्याही होतात.

या कामाचे मूळ शोधायला लांब जायला नको. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर दक्षिणामूर्तीत काम करत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. माँटेसरीची पद्धत मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पाडण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि तिथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले, बालवाडी सजली. पण ज्यांच्यासाठी हे सगळे करायचे, ती दलित वस्तीतली आणि वारली पाड्यांवरची मुले काही येईनात.

ती का येईनात, याचा विचार या दोघींनी ज्या रीतीने केला तो मला आजही महत्त्वाचा वाटतो. 'या लोकांना शिक्षणाची गोडी नाही' हे उत्तर तेव्हाही तयार होते आणि आजही कुठल्याही सरकारी बैठकीत ते विनासायास ऐकायला मिळते. ताराबाई-अनुताईंनी ते स्वीकारले नाही. त्यांनी पाहिले की मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून येत नाही. मुलगा गुरे राखतो म्हणून येत नाही. अंगावर धड कपडा नाही म्हणून आई पाठवत नाही. मग बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. तिथेच झाडलोट, तिथेच मुलांची आंघोळ, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, मोजणे. इटलीहून आलेल्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या आल्या. जी मुले गुरांमागे होती त्यांच्यासाठी कुरणशाळा झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. बहिणीला शाळेत यायचे तर भावंडालाही जागा हवी, हा त्यामागचा साधा हिशेब. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री, हे पाठ्यपुस्तकांत येते. पाळणाघराचा हा हिशेब मात्र येत नाही. आजही दहा वर्षांची मुलगी शाळेला दांडी मारते त्याचे एक मोठे कारण घरातले दीड वर्षाचे भावंड असते, आणि आपण मात्र त्या मुलीची गैरहजेरी शिक्षण खात्यात आणि भावंडाचे वजन महिला व बालविकास खात्यात नोंदवत राहतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. महाराष्ट्रात तिची सुरुवात मेळघाटातल्या धारणीत आणि मुंबईच्या धारावीत झाली. योजनेने केंद्राला दिलेले अंगणवाडी हे नाव बोर्डीच्या परिसरात आधीच रुळलेले होते. सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्व-प्राथमिक शिक्षण. या यादीत गृहभेट वेगळी नाही. ती या सगळ्या सेवांना जोडणारी वाट आहे, असे कागदावर गृहीत धरलेले होते. गृहीत धरलेल्या कामाचे जे होते तेच तिचेही झाले. आहाराला अंदाजपत्रक मिळाले, वजनाला काटा मिळाला, लसीला शीतपेटी मिळाली. गृहभेटीला फक्त एक रजिस्टर मिळाले.

नवजात बाळापुरते चित्र बदलले ते गडचिरोलीमुळे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना प्रशिक्षण देऊन, घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. या आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जात, बाळाचे वजन करत, श्वास मोजत, ऊब आणि अंगावरचे दूध यांकडे लक्ष देत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर उपचारही करत. हजार जिवंत जन्मांमागे ६२च्या घरात असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण २५च्या आसपास आले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली भारत सरकारने आशाताईंमार्फत घरच्या घरी नवजात बालसेवा देशभर स्वीकारली. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. २०१८पासून त्यात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या पाच भेटींची भर पडली. या पाच भेटींत आहार, लोहाचे औषध आणि हात धुणे यांच्याबरोबर बाळाशी खेळणे-बोलणे हाही विषय आहे. एका भेटीचा मोबदला ५० रुपये.

गडचिरोलीने एक गोष्ट निर्विवाद दाखवली: योग्य तयारी असलेली गावातली बाई घरी गेली तर मूल वाचते. वाचलेल्या मुलाचे पुढे काय, हा प्रश्न त्यानंतरचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ३४.४ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात एवढ्या मोहिमा होऊनही हा आकडा जागचा हलला नाही. खुजेपण ही उंचीची बाब वाटते, पण जी परिस्थिती उंची रोखते तीच बहुधा बोलणे, उत्सुकता आणि आत्मविश्वासही रोखत असते.

इथे जमैकातला एक प्रयोग सांगायलाच हवा, कारण तो आपल्या अंगणवाडीच्या मर्मावर बोट ठेवतो. १९८६-८७ साली किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतली १२९ खुजी बाळे निवडली गेली. वय ९ ते २४ महिने. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधावर आधारित पूरक आहार. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्य सेविका जाऊन आई आणि बाळ यांच्याबरोबर खेळणार. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला यांपैकी काही नाही. दोन वर्षे हे चालले. ही मुले बाविशीत आल्यावर पुन्हा शोधली गेली. ज्यांच्या घरी खेळायला कुणी जात होते त्यांची कमाई ज्यांच्या घरी कुणी जात नव्हते त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. केवळ आहार मिळालेल्यांत मात्र असा टिकाऊ फरक आढळला नाही.

आहार नको, असा याचा अर्थ कुणी काढला तर तो अनर्थ होईल. भुकेल्या पोराला खेळ शिकवणे ही क्रूरता आहे. पण आपली योजना पन्नास वर्षे ज्या समजुतीवर चालली, की पोटात गेले म्हणजे बाकीचे आपोआप होईल, तिच्यावर या एका छोट्या प्रयोगाने प्रश्नचिन्ह उभे केले आहे. आणि लक्षात घ्या, तिथे घरी जाणाऱ्या बायका पदवीधर नव्हत्या. खेळणीही वस्तीतल्या टाकाऊ वस्तूंतून केलेली होती. दर आठवड्याला ती घरी ठेवून यायची आणि पुढच्या खेपेला बदलायची.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, यिप्सिलांटी गावी, १९६२ ते १९६७ या काळात झालेला पेरी बालवाडीचा प्रयोग तर बालशिक्षणावरच्या प्रत्येक भाषणात येतो. गरीब आफ्रिकी-अमेरिकी घरांतली १२३ मुले, त्यांतल्या ५८ मुलांना उत्तम बालवाडी. या मुलांची बुद्ध्यंकातली सुरुवातीची आघाडी काही वर्षांत विरून गेली, पण चाळिशीपर्यंत शिक्षण, कमाई आणि कायद्याशी आलेले संबंध या बाबतीत ती इतरांपेक्षा बऱ्या स्थितीत राहिली. भाषणांत एवढे सांगतात. जे सांगत नाहीत ते असे, की त्या बालवाडीच्या शिक्षिका दर आठवड्याला दीड तास प्रत्येक मुलाच्या घरी जात असत. आपण त्या प्रयोगातली बालवाडी उचलली आणि दीड तास मागे ठेवला. बालवाडीला इमारत बांधता येते, फलक लावता येतो, उद्घाटन करता येते. दीड तासाचे उद्घाटन कोण करणार?

घरी जायला परिचारिकाच हवी की गावातली बाईही चालेल, हा वाद जुना आहे. अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स यांनी उभ्या केलेल्या कार्यक्रमात पहिलटकरणींच्या घरी प्रशिक्षित परिचारिका जातात. डेन्व्हर शहरात त्यांनी दोन्ही प्रकार ताडून पाहिले, तेव्हा परिचारिकांच्या भेटींचा परिणाम अधिक दिसला. गडचिरोली आणि जमैका यांचा अनुभव वेगळा आहे. मला यात विरोध दिसत नाही. जिथे गावातल्या बाईला नीट तयार केले, तिच्यामागे भक्कम देखरेख ठेवली आणि तिच्याकडे घरे मोजकीच दिली, तिथे ती यशस्वी झाली. जिथे तिला स्वस्त पर्याय म्हणून पाठवले, तिथे काम स्वस्तातच झाले.

ओडिशातही जमैकाच्या धर्तीवर काम झाले आहे, आधी कटकच्या वस्त्यांत आणि नंतर खेड्यांत. खेड्यांतल्या प्रयोगात एक वेगळा प्रकार करून पाहिला गेला: घरोघरी जाण्याऐवजी काही आया आणि त्यांची बाळे एकत्र बसवून तेच खेळ घ्यायचे. मुलांना झालेला लाभ दोन्हीकडे जवळपास सारखाच होता आणि गटाचा खर्च कितीतरी कमी. आपल्याकडे वाडीवस्तीवर बायका नाहीतरी ओट्यावर एकत्र बसतातच, तेव्हा हा मार्ग विचारात घ्यायला हवा. मात्र जी बाई ओट्यावर येत नाही, नव्याने नांदायला आलेली, नवरा दारू पिणारा, बाळ अपंग, तिच्यासाठी घरी जाण्याला पर्याय नाही. आणि सर्वांत जास्त गरज बहुधा तिलाच असते.

आता प्रत्यक्ष भेटीकडे येऊ. आपल्याकडची नेहमीची गृहभेट अशी असते: सेविका दारात उभी राहते. 'बाळाला काय खायला घालता? हिरव्या पालेभाज्या देता का? अंडे द्या. फळे द्या. हात धुऊन भरवा.' आई मान हलवते. रजिस्टरवर सही होते. या बाईने अंडे कुठून आणायचे, हे दोघींनाही ठाऊक नसते आणि दोघीही ते विचारत नाहीत. पुढच्या महिन्यात तेच संभाषण. सल्ला चुकीचा नाही, पण सल्ला घेऊन आलेल्या माणसासमोर घरातली बाई नेहमी परीक्षेला बसल्यासारखी होते आणि परीक्षेत मुले जे करतात तेच करते, म्हणजे परीक्षकाला हवे ते उत्तर देते.

चांगली भेट दारात होत नाही. सेविका आत येते, जमिनीवर बसते, बाळाच्या नजरेच्या उंचीवर येते. पहिला प्रश्न सल्ल्याचा नसतो: 'हा आता नवीन काय करायला लागलाय?' या प्रश्नाला उत्तर नसलेली आई मी पाहिलेली नाही. मग ती सांगते, भांडी वाजवतो, आजोबांची काठी ओढतो, कोंबडीमागे रांगतो. तिथून खेळ निघतो. दोन वाट्या, त्यांतल्या एकीखाली चिंचोका लपवायचा. रिकाम्या डब्यात बिया घालून खुळखुळा करायचा, पण झाकण पक्के चिकटवून, कारण बी घशात अडकू शकते. काड्यापेटीची खोकी एकावर एक रचायची. जुन्या लुगड्याची बाहुली. सेविका एकदा करून दाखवते आणि मागे सरते. मागे सरणे हे यातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि प्रशिक्षणात त्याला जेमतेम पाच मिनिटे मिळतात. बाळाने चिंचोका शोधला, तर ते आईच्या हातून शोधलेले असले पाहिजे. सेविका आठवड्याने किंवा महिन्याने येणार, आई रोज आहे.

यात नवे काही नाही, असे आज्या म्हणतील, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. तेल लावताना गाणे, भरवताना चिऊकाऊची नावे, तळहातावर बोट फिरवून केलेले मोराचे खेळ, मांडीवर झुलवणे, हे सगळे आपल्या घरांत होतेच. मग ते कमी कशाने झाले? आजी गावाकडे आणि मूल शहरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत. आई सकाळी सहाला धुण्याभांड्याला जाते आणि दुपारी परत येऊन स्वयंपाकाला लागते. मूल रडू नये म्हणून हातात मोबाइल. तिला मुलाशी कसे बोलावे हे कळत नाही, असा याचा अर्थ लावणे हा शिकलेल्यांचा उद्धटपणा आहे. तिच्याकडे वेळ नाही, आणि जो आहे तो शीण आलेला आहे.

हा उद्धटपणा आपल्याकडे बाहेरूनही आला आहे. गरीब घरांतल्या मुलांच्या कानावर तिसऱ्या वर्षापर्यंत श्रीमंत मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात, हे वाक्य बालशिक्षणाच्या सादरीकरणांत हमखास असते. बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांचे १९९५ सालचे हे काम कॅन्सस शहरातल्या ४२ कुटुंबांवर आधारलेले होते, आणि त्यांतली सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे होती अवघी सहा. त्यावर पुढे बरीच टीका झाली. शिवाय वीस माणसांच्या वाड्यात, चार चुलत्यांच्या कडेवर वाढणाऱ्या मुलाच्या कानावर पडणारे शब्द मोजायचे तर फक्त आईचे मोजून कसे चालेल? मेंदूच्या वाढीच्या आकड्यांचेही तेच. सहाव्या वर्षाआधी मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास होतो, हे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात छापलेले आहे. या वाक्याने सरकारचे लक्ष वेधले हे चांगले झाले. पण तेच वाक्य एखाद्या आईला घाबरवण्यासाठी वापरले जाते तेव्हा मला राग येतो. मूल पाच वर्षांचे झाले, आता गाडी चुकली, असे कुठल्याही आईला वाटता कामा नये.

भाषेचा प्रश्न मात्र खरा आहे. धारणीच्या गावांत मूल कोरकू बोलते, भामरागडकडे माडिया, नंदुरबारच्या डोंगरात भिली किंवा पावरी. अंगणवाडीत आणि पहिलीत त्याला प्रमाण मराठी भेटते, आणि ते गप्प होते. गप्प मुलाला आपण मठ्ठ म्हणतो. गृहभेटीत घरची भाषाच राज्य करते. सेविका त्याच समाजातली असेल तर आजीच्या गोष्टी, जंगलातल्या पाखरांची नावे, सणाची गाणी हीच तिची साधनसामग्री. या पुस्तकात सेविकांनी लिहिलेली काही टिपणे अशा गावांतली आहेत. त्यांतले मराठी वाचकाला अडखळत वाचावे लागेल. ते सुधारू नये असे मी संपादकांना सुचवले आणि त्यांनी ते मानले.

आणि ज्यांचे घरच फिरते, त्यांचे काय? दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवराबायको मिळून एक कोयता. पाचटाच्या कोपीत बाळ, फडाच्या कडेला झोळीत बाळ, बैलगाडीच्या सावलीत बाळ. पहाटे आई निघते तेव्हा ते झोपलेले असते आणि ती परतते तेव्हाही. थोरल्या भावंडांसाठी साखरशाळा निघाल्या. झोळीतल्यासाठी फारसे काही निघाले नाही. गावच्या अंगणवाडीत ते 'स्थलांतरित', आणि कारखान्याच्या परिसरातल्या अंगणवाडीत ते बाहेरचे. वीटभट्टीवरच्या आणि शहरातल्या बांधकामांवरच्या मुलांची गतही तीच. बांधकामावरच्या मुलांसाठी १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटाजवळ तंबूत पाळणाघर उघडले आणि त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. तिथे मुलाकडे जायचे म्हणजे आईच्या कामाच्या जागी जायचे, हे सूत्र होते. फडावर जाणारी सेविका नेमायला आपल्याला कुणी अडवलेले नाही. तिथे पाळणाघर, दुपारी दूध पाजायला आईला सुट्टी आणि आठवड्यातून दोनदा कोपीत भेट, एवढे कारखान्यांच्या गळीत हंगामाच्या परवान्याला जोडता येईल. मी हे अनेक ठिकाणी बोललो आहे. पुन्हा बोलतो.

कायद्याकडे थोडक्यात पाहू. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालच्यांसाठी मात्र राज्य 'प्रयत्न करील' एवढेच अनुच्छेद ४५ मध्ये राहिले. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचा खाऊवर कायदेशीर हक्क आहे, खेळावर नाही.

सेविकांबद्दल मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही. त्यांना वेतन नसते, मानधन असते. योजना सुरू झाली तेव्हा त्या समाजसेवा करणाऱ्या स्वयंसेविका मानल्या गेल्या आणि तीच कल्पना पुढे ओढत नेली. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, त्यालाही गुजरातमधल्या बायकांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा दीर्घ संप झाला. त्याआधी २०२१मध्ये राज्यभरच्या सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले होते. ते नीट चालत नव्हते आणि पोषण ट्रॅकर या ॲपवर नोंदी इंग्रजीतून करायच्या होत्या. निवडणुकीत मतदारयादीचे काम करणाऱ्या बीएलओ त्याच. सर्वेक्षणे त्याच करतात. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरून घ्यायलाही त्याच. मग गृहभेट राहते संध्याकाळी, जेव्हा तिच्या स्वतःच्या घरी चूल पेटवायची असते. अशा स्थितीत कुणी रजिस्टरमध्ये न झालेली भेट लिहिली, तर मी तिला दोष देणार नाही.

करोनाच्या काळात अंगणवाड्या बंद झाल्या तेव्हा हीच बाई घरोघरी शिधा पोचवत होती आणि दाराबाहेरून मुलांना गोष्टी सांगत होती. त्या काळात बालशिक्षण महाराष्ट्रात कुठे जिवंत राहिले असेल तर ते गृहभेटीत. पण केंद्रे उघडली आणि तो धडा आम्ही ताबडतोब विसरलो. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा काढला. त्यात घरी करायचे खेळ महिन्यांनुसार दिले आहेत आणि ते चांगले आहेत. खेळांची उणीव आता राहिलेली नाही. ते खेळ घेऊन घरी जाणाऱ्या बाईला एका भेटीसाठी पाऊण तास मिळेल, ही व्यवस्था कुठे दिसत नाही.

अशी व्यवस्था करणे फार अवघड आहे असे मला वाटत नाही. प्रत्येक अंगणवाडीत दुसरी सेविका, जिचे काम फक्त तीन वर्षांखालची मुले. तिच्याकडे ठरावीक घरे, पंधरा दिवसांतून एकदा नक्की भेट, आई घरी असेल त्या वेळी. पर्यवेक्षिकेने महिन्याला तिच्याबरोबर चार घरी जायचे, तपासायला नव्हे, बरोबर बसायला. रजिस्टरमध्ये दोनच ओळी: मूल काय करत होते, पुढच्या वेळी काय न्यायचे. यातला खर्च दुसऱ्या सेविकेच्या पगाराचा आहे. तो पगारच असावा, मानधन नव्हे.

हे पुस्तक प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी आणि सेविकांसाठी आहे. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. पर्यवेक्षिकांना माझी विनंती अशी, की बीटच्या मासिक बैठकीत अहवाल सुरू होण्याआधी यातले एक टिपण मोठ्याने वाचा आणि 'तुमच्याकडे काय झाले' एवढेच विचारा. सेविकांनी जे सांगितले ते लिहून काढा, त्यांच्याच भाषेत, आणि संपादकांकडे पाठवा. पुढच्या आवृत्तीला जागा ठेवलेली आहे.